दुसरी किल्ली कोणाकडे?

बीडहून सोलापूरकडे निघाले, की बालाघाटाच्या रांगेतला घाट चढून गाडी मांजरसुंब्याला येते. धुळे-सोलापूर महामार्ग येथून जातो. पाटोद्याकडचा आणि केज-अंबाजोगाईकडचा रस्ताही येथेच मिळतो. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेले भाविक, तुळजापूरची जीप, लग्नाचे वऱ्हाड आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासकट पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघालेले ऊसतोड कामगार, सारे याच चौकातून पांगतात. रात्री-अपरात्री चहासाठी गाडी थांबली, की मागच्या बाकावरची एखादी वडीलधारी बाई चालकाला विचारते, ‘‘दादा, झोप येत नाही ना?’’ उत्तर ठरलेले असते : ‘‘नाही मावशी, निवांत बसा. पहाटेपर्यंत पोचवतो.’’

हे उत्तर खोटे नसते. ते मनापासून दिलेले असते आणि धोका नेमका तेथेच आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निरोगी माणसांना 14 रात्री मोजूनमापून झोपू दिले होते. रोज 4 तास झोपणाऱ्यांची सावधानता अखेरीस सलग दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी खालावली. 6 तास झोपणाऱ्यांची एक रात्र जागलेल्याइतकी. पण ‘किती पेंग येते?’ असे विचारले, तर त्यांच्या उत्तरात फारशी वाढ दिसेना. कर्ज वाढत होते, पण खातेदाराला मात्र आपली शिल्लक बरी आहे असे वाटत होते.

ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 साली जागरणाची तुलना मद्याशी केली. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखे चालतात. 24 तासांनंतर ते प्रमाण 0.10 टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या कायद्याने चालकाला मर्यादा घातली आहे ती 0.03 टक्क्यांची. म्हणजे पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहाला ही मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखा असतो, आणि त्याच्या तोंडाला वास नसतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी जवळजवळ 90 मीटर कोणीही न चालवता जाते.

मात्र सुस्ती ही अर्धीच गोष्ट झाली. सिंगापूर आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2011 साली एक रात्र जागलेल्या तरुणांना पैशाचे जोखमीचे खेळ खेळायला दिले. एरवी तोटा टाळू पाहणारी तीच माणसे आता नफ्याकडे झुकू लागली. मेंदूचा लाभाची किंमत करणारा भाग अधिक चेतला होता आणि तोट्याची चाहूल घेणारा मंदावला होता. हा बदल केवळ पेंगण्यामुळे झालेला नव्हता. चहाने डोळे उघडतील. पण उघड्या डोळ्यांनी ‘एवढा ट्रक ओलांडून घेऊ’ म्हणणारे मन चहाने शहाणे होईलच असे नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला येथे तिजोरी आठवते. ती एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. यात कोणाच्या सचोटीवर संशय नसतो. एकट्या माणसाच्या निर्णयावर सारे सोपवू नये, एवढाच व्यवहार असतो. जागरण झालेल्या माणसाच्या हाती मात्र आपण दोन्ही किल्ल्या देतो. गाडी त्याने चालवायची आणि आपण चालवण्याच्या स्थितीत आहोत की नाही, हेही त्यानेच ठरवायचे!

आपली भाषासुद्धा त्याला भरीला घालते. ‘रात्रीचा दिवस केला’ हे आपल्याकडे कौतुक आहे. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे म्हणणाऱ्या पिढ्यांना धोंड्यावरही झोप लागत होती. आज झोपच कापून खर्चाची तोंडमिळवणी केली जाते. ‘रात्रीत जाऊ, मुक्कामाचे पैसे वाचतील’ हा हिशेब गाडी ठरवतानाच होतो, आणि तो करणारा चालक नसतो, आपण असतो.

ऊसतोडीच्या फडावर तर निवडीला जागाच उरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फेडायची, मजुरी टनावर. पहाटे तीन-चारला फड गाठायचा. त्याआधी उठून भाकरी थापायच्या त्या बाईने. गाडी रात्री आली, तर रात्री मोळ्या भरायच्या. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्या त्या पायांना ‘सांभाळून’ म्हणणे सोपे आहे. पण त्यांची दुसरी किल्ली गाडीची वेळ ठरवणाऱ्या कारखान्याकडे आणि मुकादमाकडे आहे. मोटार कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आखून दिली होती, ती याच जाणिवेने. थकलेल्या माणसाचा ‘होकार’ हा होकार धरू नये, हे शहाणपण आपल्याला अपरिचित नाही.

घरात ते आणणे अवघड नाही. गाडी ठरवताना भाड्याबरोबर ‘काल रात्री तुम्ही कोठे होता?’ हेही विचारावे. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचा वेळ शरीर स्वतःच झोपेसाठी मागत असते. तो प्रवासातून वगळावा. चालकाच्या झोपण्याची सोय मुक्कामाच्या खर्चात धरावी. पेंग आलीच, तर चहा घेऊन वीसेक मिनिटे गाडीतच डोळे मिटू द्यावेत. चहाचा अंमल बसायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि मागच्या बाकावरच्या मावशींनी ‘झोप येत नाही ना?’ असे विचारण्यापेक्षा ‘गाडी बाजूला घ्या, आम्हाला घाई नाही,’ असे सांगावे.

दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे. ती फिरवण्याचा अधिकार मात्र घरातल्या कर्त्यांनी निघण्यापूर्वीच त्यांना दिलेला असला पाहिजे.