रायफल कोणाच्या मापाची?

कामरेजहून नेमबाजीच्या शिबिरास गेलेली माझी भाची चारही दिवस एकच ताकीद ऐकून परतली, "मान सरळ ठेव!" ती ठेवणार कशी? रायफलीचा दस्ता तिच्या हातास फार लांब. तोल सावरण्यासाठी ती पाठ मागे झुकवी. मग डोळा दुर्बिणीपासून दूर राही नि चित्राभोवती काळे कडे दिसे. दोष मात्र मुलीच्या माथी!

मला हा न्याय उलटा वाटतो. सदरा मोठा झाला तर आपण शिंपी गाठतो. मुलाला ओढून लांब करीत नाही. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड रायफलीसही चार लांबींचे दस्ते मिळत. सर्वांत आखूड दस्त्यास ठेंगण्या कोंबड्यांच्या जातीवरून 'बँटम' म्हणत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. त्या स्पर्धेत दुर्बीण नसते, परंतु तसल्या रायफलींचा दस्ता व गालाचा टेकू नेमबाजाच्या मापाने सरकविता येतो. फौजेला व विजेत्यांना जी सवलत, ती तेरा वर्षांच्या मुलीलाच का नसावी?

रायफल रिकामी असल्याची खात्री शिक्षकांनी करावी. मग आधी दस्ता पाहावा: त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकविले असता बोट सहज चापावर पोहोचले पाहिजे. दुर्बीण त्यानंतर. गाल टेकवून मिटलेले डोळे उघडताच चित्र पूर्ण दिसेपर्यंत ती मागेपुढे सरकवावी.

भाची पुन्हा शिबिरास जाणार आहे. आखूड दस्त्याविषयी मी तेथील शिक्षकांस पत्र धाडले असून उत्तराची वाट पाहत आहे.