तारण जमिनीचे, भरवसा कागदाचा

मनीषनगरसारख्या वसाहतीत जमिनीचा भाव हा घरोघरीचा विषय असतो. मिहानचे सान्निध्य, 2019 साली वर्धा मार्गावर धावू लागलेली मेट्रो आणि 2020 मध्ये खुला झालेला रेल्वे उड्डाणपूल यांनी या परिसराचे मोल वाढविले. अशा ठिकाणी निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या गृहस्थाला परिचितांकडून हमखास एक प्रस्ताव येतो: भूखंड तारण घ्या, दरमहा दीड टक्का व्याज घ्या. बँकेच्या ठेवीपुढे हा दर मोहक वाटतो. शिवाय जमीन कुठे पळून जाते, हा युक्तिवाद असतोच.

जमीन पळत नाही, हे खरे. पण तिच्यावरील हक्क निसटू शकतो. अशा व्यवहारात बहुधा गहाणखत होत नाही. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी साठेखत किंवा मुखत्यारपत्र लिहून घेतले जाते, तेही पुष्कळदा नोटरीपुढे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार साध्या गहाणाला नोंदणीकृत दस्त लागतो. साठेखताने मालकी मिळत नाही. नोंदणीकृत गहाण असले तरी खासगी धनकोला वसुलीसाठी सामान्यतः दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. 2002 च्या सरफेसी कायद्याने न्यायालयाविना जप्तीचा अधिकार दिला तो बँका व वित्तसंस्थांना. शेजाऱ्याला कर्ज देणाऱ्या निवृत्त शिक्षकाला नव्हे.

दुसरी अडचण सावकारी कायद्याची. दरमहा दीड टक्का म्हणजे वर्षाला अठरा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आल्यावर शासनाने परवानाधारक सावकारासाठी बिगरशेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वार्षिक 15 टक्क्यांची कमाल मर्यादा ठरवून दिली. एखादे प्रासंगिक कर्ज म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे. पण एकाचे दोन, दोनाचे चार झाले की विनापरवाना सावकारीचा गुन्हा ठरू शकतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. हा कठोरपणा अकारण नाही. 1875 साली सुप्यातून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे कागदच जाळले होते. व्याज मुदलाहून वाढू नये, हा दामदुप्पटीचा दंडक तर मनुस्मृतीइतका जुना आहे. धनकोच्या लोभाला लगाम घालणे आपल्या परंपरेला नवे नाही.

तरीही कुणास या मार्गाने जायचेच असेल, तर आरंभ व्याजदरापासून न करता कागदांपासून करावा. तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषिक परवानगी पाहावी. नागपुरात सुधार प्रन्यासाचे नियमितीकरण पत्र विशेष महत्त्वाचे, कारण गुंठेवारीत पाडलेल्या अभिन्यासांचा येथील इतिहास मोठा आहे. केंद्रीय तारण नोंदणीत, म्हणजे सरसाईत, अल्प शुल्क भरून तोच भूखंड आधीच बँकेकडे गहाण आहे का, हे पाहता येते. कर्जाची रक्कम भूखंडाच्या सरकारी मूल्याच्या निम्म्यापलीकडे नेऊ नये. पैसा धनादेशानेच द्यावा; आयकर कायदा वीस हजार वा त्याहून अधिक रकमेचे रोख कर्ज मान्य करीत नाही.

आंतरजालावर परदेशांतील तारणी कर्जाच्या व्यासपीठांचे कौतुक वाचून आपल्याकडेही तसे असेल, असे तरुणांना वाटते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या निर्देशांनुसार व्यक्ती-व्यक्तींमधील कर्जाच्या व्यासपीठांना केवळ विनातारण कर्जेच जुळविता येतात.

राहता राहिल्या गृहवित्त कंपन्यांच्या ठेवी. त्या कंपन्यांचा पैसा घरांच्या तारणावरच फिरतो, पण ठेवीदाराच्या हाती तारण नसते आणि बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांचे विमासंरक्षणही नसते. डीएचएफएल ही कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2021 च्या तोडग्यात दोन लाखांपर्यंतच्या ठेवी परत मिळाल्या. मोठ्या ठेवीदारांना रुपयामागे सुमारे तेवीस पैसे हाती आले. त्यांत निवृत्तीची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेली वृद्ध दांपत्येही होती.