वीस रुपयांचा रकाना पुरेसा नाही



सवलतीच्या दरात सौदे करून देणाऱ्या ऑनलाइन दलाल पेढ्यांची, म्हणजेच डिस्काउंट ब्रोकरांची, तुलना करणारे जे तक्ते अर्थविषयक पानांवर छापले जातात, त्यांत बहुधा ऑर्डरमागील दलालीचाच रकाना ठळक असतो. हा रकाना खोटा नसतो. परंतु रोज सौदे करणाऱ्या ट्रेडरला पेढी निवडण्यासाठी तो अपुरा पडतो आणि लहान भांडवलाच्या ट्रेडरची तर तो दिशाभूल करतो.

२०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधाने टक्केवारीऐवजी ऑर्डरमागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत भारतात रुजवली आणि मोठी उलाढाल करणाऱ्यांचा त्यात निःसंशय फायदा झाला. मात्र सौदा जितका लहान, तितकी ठरावीक रक्कम जड पडते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. १०,००० रुपये प्रीमियमचा ऑप्शन विकत घेऊन त्याच भावाला विकला, तर १ ऑक्टोबर २०२४ रोजी लागू झालेल्या दरांनी, ऑर्डरमागे वीस रुपये धरून, दोन ऑर्डरींची दलाली ४० रुपये, विक्रीवरील रोखे व्यवहार कर १० रुपये, बाजाराचे व्यवहार शुल्क सुमारे ७ रुपये आणि दलाली व या शुल्कावरील वस्तू व सेवा कर व किरकोळ मुद्रांक शुल्क धरून एकूण खर्च सुमारे ६६ रुपये होतो. असे दहा फेरे रोज, महिन्यातले वीस दिवस केले, तर खर्च तेरा हजारांवर जातो, म्हणजे मूळ प्रीमियमपेक्षाही अधिक, आणि तोही भाव तसूभर न हलता. याउलट प्रीमियम दोन लाखांचा असेल, तर याच दरांनी एकूण खर्चात दलालीचा वाटा, तिच्यावरील कर धरूनही, एक नवमांशाच्या आसपास राहतो, आणि अशा ट्रेडरने पंधरा रुपये घेणारी पेढी शोधत फिरण्यात फारसा अर्थ उरत नाही.

सौदे किती करायचे हे ट्रेडरच ठरवतो, दलाल नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो अंशतः योग्यही आहे. पण बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला आणि सर्व वैयक्तिक ट्रेडरांनी मिळून व्यवहार खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले, ज्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग दलालीचा होता. ‘फक्त वीस रुपये’ असे सांगणारा तक्ता प्रत्येक सौदा जवळपास फुकट असल्याचा भास निर्माण करतो आणि नुकसानीचा हा मोठा हिस्सा दृष्टीआड ठेवतो.

तक्त्यांची दुसरी उणीव, म्हणजे यंत्रणेच्या बिघाडांकडे होणारे दुर्लक्ष, याहून गंभीर आहे. सलग पाच मिनिटे किंवा अधिक काळ पेढीची यंत्रणा बिघडली, तर तो तांत्रिक बिघाड मानून शेअर बाजाराला कळवावा, असे सेबीने नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकात ठरवून दिले. अशा बिघाडामुळे ऑप्शन विकून बसलेल्या ट्रेडरला मुदतपूर्तीच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात सौदा बंद करता आला नाही, तर वर्षभर वाचवलेली दलाली काही क्षणांत निघून जाऊ शकते. तरीही बिघाडांची नोंद, फोनवरून ऑर्डर देण्याची सोय आणि पेढीने स्वतःहून सौदा बंद केल्यास लागणारे शुल्क, या बाबी तुलनेत क्वचितच दिसतात.

तेव्हा संपादकांना विनंती अशी की, यापुढील तक्त्यांत लहान आणि मोठ्या अशा दोन्ही सौद्यांचा सर्व करांसह खर्च छापावा आणि त्याशेजारी प्रत्येक पेढीच्या गेल्या वर्षभरातील बिघाडांची संख्या द्यावी. वाचकांनीही तोवर थांबू नये. दर दिवशीच्या सौद्यांनंतर मिळणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये हे सारे आकार स्वतंत्रपणे दिलेले असतात, त्यांची महिन्याची बेरीज करावी आणि मगच पेढी बदलायची की सौदे कमी करायचे, हे ठरवावे.