घेईल तेवढे पीठ

मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर न्यायचे आणि भाजलेल्या नानकटाईचा डबा भरून घरी आणायचा, हे आपल्या चाळींतून वर्षानुवर्षे चालत आले आहे. ग्रीस देशात नानकटाईसारखीच खुसखुशीत बिस्किटे नाताळात आणि लग्नकार्यात करतात. त्यांना कुराबिएदेस म्हणतात. हा शब्द तुर्की ‘कुराबिये’वरून आला.

१९२३ साली लोझानच्या करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. थोडे अपवाद सोडले तर फक्त धर्म पाहिला. तुर्कस्तानातले ख्रिस्ती ग्रीसमध्ये धाडले, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. जायचे का, हे कोणालाही विचारले नाही. १९२२ च्या लढाईत आधीच पळालेले धरून सुमारे १२ लाख निर्वासित ग्रीसमध्ये आले. कप्पादोकियातल्या गेल्वेरी, म्हणजे कार्वाली गावचे लोक कवाला शहराजवळ वसले आणि नव्या वस्तीला त्यांनी नेआ कार्वाली, नवी कार्वाली, असे नाव दिले. यांच्या घरात बोलायची भाषा तुर्की. ग्रीक म्हणून हाकलले आणि ग्रीसमध्ये परके ठरले! घर, शेत, शेजार मागे राहिला. हातातली कृती तेवढी बरोबर आली. आज नेआ कार्वालीचे कुराबिएदेस ग्रीसभर नावाजलेले आहेत.

पण ही कृती सुनेला, नातीला सांगायची कशी? ग्रीक म्हातारीला पीठ किती घालायचे विचारले, तर उत्तर येते, ‘ओसो पारी’. म्हणजे घेईल तेवढे. आपल्या आज्या तरी दुसरे काय सांगतात? म्हातारी गेली की मापही गेले. अमेरिकेत गेलेल्या ग्रीक कुटुंबांतही हीच अडचण. तिथे लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड गावी एका ग्रीक चर्चच्या बायकांनी मिळून आपल्या पाककृतींचे पुस्तक केले. ते १९६३ साली छापले गेले. एक युक्ती आम्हांला सर्वांत सोपी वाटते. आजी पीठ मळायला बसण्यापूर्वी पिठाचा डबा वजन करून ठेवावा, मळून झाल्यावर पुन्हा करावा. वजा जे येईल ते वहीत लिहावे. आजीला विचारायचे कामच नाही.

आता कुराबिएदेस. पाव किलो बिनमिठाचे लोणी आणि १०० ग्रॅम पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसावी. त्यात एका अंड्याचा पिवळा बलक, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि भाजून भरड कुटलेले दीडशे ग्रॅम बदाम घालावेत. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे घ्या. ग्रीक बाई नाक मुरडेल, मुले नाही. मैदा चारशे ते पाचशे ग्रॅम लागतो, पण एकदम ओतू नये. गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. चंद्रकोरी वळून बेकरीवाल्याकडे द्याव्यात आणि लाल करू नकोस, असे त्याला बजावावे. गरम असताना गुलाबपाणी शिंपडावे. निवल्यावर पिठीसाखरेत पार बुडवाव्यात. खाताना मात्र मुलांना हसवू नये, सगळी साखर समोरच्याच्या अंगावर उडते.