आकाशातलं नाव विकत मिळत नाही! 'पंडितजसराज' लघुग्रहाला नाव कसं मिळालं, समजून घ्या

पनवेलमधल्या माझ्या एका मित्राचे वडील गेले. मोबाईलवरची जाहिरात पाहून त्याने पैसे भरले आणि वडिलांच्या नावाने 'तारा' घेतला. मेलवर सर्टिफिकेट आलं, काकूंनी ते फ्रेम करून काकांच्या फोटोशेजारी लावलं. एकदा गच्चीवर त्यांनी मला विचारलं, "यातला आपला तारा कुठला रे?" मी गप्प राहिलो.

खरं उत्तर असं, की अशा सर्टिफिकेटला खगोलशास्त्रात काहीही किंमत नाही. तारे आणि लघुग्रहांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना (आयएयू) मान्य करते. ही नावं विकली जात नाहीत.

मग खरं नाव कसं मिळतं?

पंडित जसराज यांचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये एका लघुग्रहाला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा अनेकांनी 'ग्रहाला नाव' असं फॉरवर्ड केलं. पण तो ग्रह नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो खडकांपैकी तो एक आहे.

तो ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला. तेव्हा त्याला फक्त '२००६ व्हीपी३२' हा तात्पुरता कोड मिळाला. यातला 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 'पी३२' म्हणजे त्या पंधरवड्यातली ८१५वी नोंद. म्हणजे रांग केवढी मोठी, बघा!

नंबर कधी मिळतो?

एका रात्रीच्या फोटोंत फक्त सरकणारा ठिपका दिसतो. त्यावरून कक्षा पक्की होत नाही. या पट्ट्यातल्या लघुग्रहांना सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण तीन ते सहा वर्षं लागतात. त्यामुळे तोच ठिपका पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा गणिताने सांगितलेल्या जागी दिसावा लागतो. कक्षेची खात्री झाली की कायमचा क्रमांक मिळतो. जसराजजींच्या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. दोन-दोन आकडे मागून वाचा: २८-०१-३०. २८ जानेवारी १९३० ही त्यांची जन्मतारीख!

नावाचे नियम काय?

क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, तोही दहा वर्षांपुरता. नाव जास्तीत जास्त १६ अक्षरी, रोमन लिपीत. स्वतःचं नाव देता येत नाही, जाहिरातबाजी चालत नाही. राजकीय किंवा लष्करी कारणाने प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर १०० वर्षं जावी लागतात. शेवटी समिती ठरवते.

म्हणूनच 'विद्यार्थ्यांनी लघुग्रह शोधला, आता नाव देणार' अशा बातम्या देताना आम्ही पत्रकारांनीही जपून लिहायला हवं. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, पण पहिली नोंद ही सुरुवात असते. पुढे अनेक वर्षांची निरीक्षणं असतात.

माझं मत स्पष्ट आहे. दुःखात असलेल्या माणसाला कागद विकून 'तारा तुमचा' म्हणणं ही फसवणूक आहे. जाहिरातीत 'ही नोंद अधिकृत नाही' असं ठळक छापण्याची सक्ती हवी.

काकूंची फ्रेम काढा, असं मी मित्राला सांगणार नाही. ती आठवण आहे, राहू दे. पण तुम्ही पैसे भरणार असाल, तर आधी विचारा: हे नाव आयएयूच्या यादीत येणार का? उत्तर 'नाही' असेल, तर पैसे खिशातच ठेवा.