आतड्यातली तिसरी शिफ्ट

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला. त्याच चाकणच्या एमआयडीसीत कँटीनच्या ताटात कांदा येतो तो दोन पातळ चकत्यांपुरता. भाव चढला की त्यांच्या जागी कोबी. आणि मेडिकलच्या काउंटरवर मात्र ‘प्रीबायोटिक’ छापलेला डबा ऐटीत उभा!

त्या डब्यात बहुधा इन्युलिन असते, चिकोरीच्या मुळापासून काढलेले. कांदा-लसणातली फ्रुक्टॅन्स त्याच कुळातली. त्यांची साखळी तोडणारे विकर माणसाकडे नाहीच. त्यामुळे लहान आतड्यातून ती जशीच्या तशी पुढे सरकतात आणि जेवून लाइनवर परतलेल्या कामगाराच्या मोठ्या आतड्यात काही तासांनी तिसरी शिफ्ट सुरू होते. बायफिडोबॅक्टेरियासारखे जिवाणू हा माल आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची गुजराण मुख्यतः ब्युटिरेटवर चालते.

वायूही होतो, ते कशाला लपवायचे? मटकी-हरभऱ्यातले रॅफिनोज, स्टॅकिओज आपल्याला असेच पचत नाहीत. आंबताना निघालेला हायड्रोजन काही अंशी रक्तात शिरून श्वासावाटे बाहेर पडतो; डॉक्टर तो मोजून तपासणीही करतात. ‘ड्युटीवर उसळ नको, पोट फुगते’ ही तक्रार म्हणूनच खरी आहे. पण कडधान्य रात्रभर भिजवून, पाणी फेकून, मोड आणले की ही शर्करा बरीच घटते. उसळीचे प्रमाण हळूहळू वाढवले तर बहुतेकांचे पोट सरावते. ज्यांचे आतडे मुळातच नाजूक, त्यांना कांदाही बाधतो. त्यांच्यावर सक्ती नको.

1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली. तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांना प्रतिनिधित्व देण्याची वाटही ठेवली. या समित्यांत वाद रंगतो तो ताटाच्या दरावर, फार तर सणाच्या गुलाबजामवर. आठवड्यातून तीन दिवस मोडाची उसळ, सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मागेल त्याला कांदा, एवढी एक ओळ पुढच्या कंत्राटात घालायला हरकत कुणाची असणार? ठेकेदाराची असेल. भाकरी थापायला माणसे लावावी लागतात; पाव टेम्पोतून आयता उतरतो.