जाहीर इशारा : आमचे निर्णय पुसून टाकाल, तर गिऱ्हाईक गमवाल

बायोवेअर आणि तिची मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांना महाड व पोलादपूर तालुक्यांतील 'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेम मालिकेच्या खेळाडूंतर्फे कळविण्यात येते की, आम्हाला यापुढे गृहीत धरू नये.

२००९च्या पहिल्या भागात, 'ओरिजिन्स'मध्ये, चौघांची तुकडी आमच्या हुकमात होती. लढाई थांबवून एकेकाला डाव नेमून देता येई. गद्दार लोगेनला जीवदान दिले, तर जिवलग अ‍ॅलिस्टर साथ सोडून जाई. ती किंमत मोजून आम्ही पुढे गेलो. २०११च्या दुसऱ्या भागात त्याच त्या गुहांतून आम्हाला पुन्हा पुन्हा फिरवलेत, तेही पोटात घातले. २०१४च्या 'इन्क्विझिशन'ने आमच्या जुन्या निर्णयांची दखल घेतली, म्हणून विश्वास टिकला.

३१ ऑक्टोबर २०२४ला आलेल्या 'द व्हेलगार्ड'ने तो मोडला. दहा वर्षे ताटकळत ठेवून तुम्ही मागचे फक्त तीन निर्णय विचारलेत. 'ओरिजिन्स'मधली साथीदार मॉरिगन समोर उभी राहते, पण तिच्या मुलाचे, कीरनचे, नावही निघत नाही. ज्या फेरेल्डनसाठी आम्ही लढलो, त्याची वाताहत पत्रांतून उरकलीत. सोबतीला दोघेच, आणि त्यांची सूत्रेही थेट आमच्या हाती नाहीत. आमच्याकडे जाखडी नाचाच्या सामन्यात शक्तीवाल्यांच्या सवालाला तुरेवाल्यांनी बगल दिली, तर आमच्या वाड्यांतले प्रेक्षक त्यांची गय करत नाहीत. तुमचीही होणार नाही.

जानेवारी २०२५मध्ये तुम्हीच कबूल केलेत की, खेळाकडे सुमारे १५ लाख लोकच वळले, अपेक्षेच्या जेमतेम निम्मे. त्यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी काय सुचवले? लोकांना एकत्र खेळण्याच्या सोयी हव्यात! त्याच वाटेने गेलेला बायोवेअरचा 'अँथम' २०१९मध्ये कसा आपटला, हे आम्ही सांगायला हवे का? याउलट, १९९८ साली बायोवेअरनेच सुरू केलेल्या 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग बेल्जियमच्या लारियनने २०२३मध्ये आणला. चौघांची तुकडी, सावकाश डाव, निर्णयांचे चटके. जगाने तो डोक्यावर घेतला.

पात्रे कोण आणि कशी, यावर आमचा वाद नाही. लेखक-कलाकारांना शिव्या घालणाऱ्यांत आम्हाला मोजू नये.

आमच्या मागण्या :

१. पुढच्या भागात मागील सर्व भागांतले निर्णय ग्राह्य धरावेत.
२. साथीदारांचा ताबा पुन्हा खेळाडूकडे द्यावा.
३. एकट्याने खेळायच्या कथेवर सामूहिक खेळ लादू नये.

येत्या दिवाळीपर्यंत या तिन्ही मुद्द्यांवर जाहीर खुलासा करावा. न केल्यास आमच्यापैकी कोणीही पुढच्या भागाची आगाऊ नोंदणी करणार नाही, पहिल्या दिवशी खरेदी करणार नाही आणि चोरीची प्रतही उतरवणार नाही. ऐन पावसात वीज येते-जाते, तरी आम्ही १०० जीबीचा खेळ रात्र-रात्र जागून उतरवून घेतो. ते जागरण यापुढे दुसऱ्यांच्या खेळासाठी होईल. होणाऱ्या नुकसानीस सर्वस्वी कंपनी जबाबदार राहील, याची नोंद घ्यावी.

— महाड-पोलादपूरचे खेळाडू